लाल कोटावरचं पदक

माझ्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, पासष्टच्या लढाईत शौर्यपदक मिळालं होतं. कुहीकडच्या आमच्या गावातून फौजेत गेलेले आणखी दोघे-तिघे होते, पण पदकवाले हे एकटेच. डाव्या हाताची दोन बोटं ते तिकडेच ठेवून आले आणि त्याच बाजूच्या कानाने त्यांना ऐकू येईनासं झालं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते घरी आले, तेव्हा मी नागपुरात सदर भागातल्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते.

शाळेतल्या बाकीच्या बाया शहरात वाढलेल्या. त्यांच्यात बसताना मी माझं ‘मले-तुले’ गावाच्या एसटीतच सोडून यायचे. आपल्याकडे सांगण्यासारखं काही तरी असावं, म्हणून मी त्यांना सांगितलं की माझे मोठे काका लष्करात अधिकारी आहेत, त्यांना पदक मिळालंय. पदक खरं होतं. अधिकारी मी केलं. एकदा सांगितल्यावर ते वाढतच गेलं, आणि दोन वर्षांत मी त्यांना जीप दिली, बंगला दिला.

प्रत्यक्षात ते नागपूरला लागून असलेल्या वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदार होते. गावची शेती माझे वडील बघत, मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, तिथेच राहायची, आणि मोठ्या बाबांना रिकामं बसणं जमत नव्हतं. गोदामामागच्या खोलीत ते एकटे राहायचे, आपल्या हाताने भात शिजवायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी मी जाऊन यायचे. शाळेत हे कुणाला माहीत नव्हतं.

एका वैशाखात शाळेतल्या माझ्या जवळच्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची, आणि मांडव गोदामाच्या आवारातच. कुठलं गोदाम, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर डोकेदुखीचं निमित्त काढून घरी राहिले असते.

वरातीबरोबर आम्ही पाच जणी टेम्पोतून उतरलो, तेव्हा ऊन नुकतं कललं होतं. झेंडूच्या कमानीखाली मोठे बाबा उभे होते. अंगात बँडवाले घालतात तसला लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. आणि त्या कोटावर डाव्या बाजूला ते पदक. कोट नाटकातला होता, पण येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते जो सलाम ठोकत होते तो पक्का फौजेतला होता. टाच आपटण्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

वरातीला दारातच सरबत आणि बालुशाही देत होते. नवरदेवाचा कुणी नातेवाईक बालुशाही खात मोठ्या बाबांपाशी गेला आणि पाकाने चिकट झालेल्या बोटांनी त्याने ते पदक उचललं. उलटं करून मागची बाजू बघितली. असली आहे का, असं त्याने हिंदीत विचारलं, आणि तेही मोठ्या बाबांना नाही, शेजारी उभ्या असलेल्या गोदामाच्या मालकाला, नवरीच्या बापाला.

मालक म्हणाला, “असली है. लडाई का है. पूरे नागपूर में किसी के गेट पे नहीं मिलेगा.”

मोठे बाबा परेडमध्ये बघावं तसं समोर बघत होते. त्या माणसाने पदक सोडलं आणि बोटं चाटली.

मैत्रीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तुझ्या काकांचंही असंच असेल ना गं?”

मी म्हणाले, “त्यांचं वेगळं आहे.”

तेवढ्यात आमची पाळी आली. त्यांनी टाच आपटून आम्हा पाच जणींना सलाम केला. त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. धूळ उडत असल्यासारखा मी पदर नाकाला लावला आणि आत गेले.

आत पानावर बसले खरी, पण घास उतरेना. तुपाच्या वासात गोदामातल्या डिझेलचा वास मिसळला होता. उठून मागे गेले आणि जुन्या टायरांच्या ढिगामागे ओकले. त्या मालकाची किळस आली, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्याची आली होतीच. पण नुसत्या त्याच्या किळसेने माणूस असा ओकत नाही.

पुढच्या रविवारी मी वाडीला गेले. ते तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मला रागावावं, दारातून परत पाठवावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी पाणी दिलं, शाळेचं विचारलं, आणि तांदळावरची नजर न काढता म्हणाले, “तू वळखलं नाही ते बरं केलं. वळखलं असतं तं मले सलाम मोडा लागला असता.”

मग मोठी आई गावाकडे कशी आहे, यावर बोलत राहिले. मला माफी मागता आली नाही. शाळेत मी त्यांची जीपही काढून घेतली नाही.

त्या दिवाळीनंतर मालकाचं नवं गोदाम तयार झालं. उद्घाटनाला कुणी पुढारी येणार होता. मालकाने लाल कोट धुऊन आणवला आणि फाटकावर उभं राहायला सांगितलं. या खेपेला मोठे बाबा नाही म्हणाले. पुढे जे झालं ते त्यांनी गावात, अंगणातल्या बाजेवर बसून माझ्या वडिलांना सांगितलं. मी तेव्हा सुट्टीसाठी घरी गेले होते. मालक मुळीच चिडला नव्हता. उलट समजुतीने म्हणाला होता, “ठीक है, तुम आराम करो. मेडल यहीं रख जाओ, दूसरे को पहना देंगे.”

हे सांगून मोठे बाबा बाजेच्या कडेला वाकले आणि थुंकले. इतक्या वर्षांत मी त्यांना अंगणात थुंकताना पाहिलं नव्हतं.

पदक कशाचं होतं, हे त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं. पदकाबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की शत्रूच्या माऱ्यातून त्यांनी तीन साथीदारांना बाहेर काढलं. काढलं होतं हे खरं. तिघांतले दोघे आणेपर्यंत संपले होते आणि तिसरा सकाळपर्यंत टिकला. शेवटच्याला पाठीवर घेतलं तेव्हा त्याचं पोट फुटलेलं होतं, आणि त्याच्या आतलं ऊनऊन यांच्या पाठीवरून खाली येत होतं. सदरा फेकला, तरी महिनाभर पाठीचा वास जात नव्हता.

“त्या पाठीवरच्याले इचारू का मी आता,” ते माझ्या वडिलांना म्हणाले, “का गा, दुसऱ्या चौकीदाराच्या छातीले लावू का म्हणून?”

मालक तसं म्हणाला त्याच दिवशी मोठे बाबा ट्रंक घेऊन वाडी सोडून आले होते. परत गेले नाहीत.

पुढची दहा-बारा वर्षं ते धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबले. दोन बोटं नसलेल्या हाताने रोवणीला त्रास व्हायचा, तरी चिखलात उतरायचे. पंधरा ऑगस्टला गावचे लोक बोलवायला यायचे, तेव्हा पदक न लावता जायचे आणि बायामाणसांच्या मागे बसायचे. एका पावसाळ्यात बांधावर शिदोरी खाताना मी शेवटी तो विषय काढला. लग्नात मी तुम्हाला ओळख दाखवली नाही, मला माझीच किळस येते, म्हणाले.

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. मग म्हणाले, “मले आवडलं होतं वं त्या दिवशी. लोक पाहून राहिले होते. मालकानं काही बांधून नोतं ठेवलं मले. तुह्या तोंडावर शरम पाह्यली, तवा समजलं मी कुठी उभा आहो.”

मी त्यात माफी शोधली. ती नव्हती. हात धुवून ते पुन्हा बांधीत उतरले.

ऐंशी सालानंतर, एका थंडीत, धानाची मळणी चालू असताना ते गेले. शाळेत मी रजेचा अर्ज दिला तेव्हा मैत्रिणीला सगळं सांगितलं. जीप नव्हती, बंगला नव्हता, तिच्या भावाच्या लग्नात दारावर लाल कोट घालून उभा होता तो माझा मोठा बाप, हे सांगितलं. तिला खरंच वाईट वाटलं. माझा हात धरून ती म्हणाली, “अगं, तेव्हाच बोलायचं ना. आपण त्यांना आत बसवलं असतं.”

मी हात सोडवून घेतला आणि अर्ज मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवून बसस्टँडवर गेले. कुहीची गाडी लागली होती. खिडकीशी जागा मिळाली. तिने धरलेला हात मी वाटभर पदराला पुसत राहिले.