मामाच्या डबीतली माती

मामा बुकबाइंडर. आम्हा ज्यूंच्या धर्मग्रंथाची, तोराची, फाटकी पुस्तकं तो बांधून द्यायचा. एखादं हातातून पडलं तर उचलून त्याचा मुका घ्यायचा. सख्ख्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी मात्र त्यानं कायमचा अबोला धरला होता, कारण तिनं त्याला न विचारता लग्न केलं.

दुकानात सरसाच्या भांड्यामागे त्याची पत्र्याची डबी असायची. तिच्यात पवित्र भूमीची माती. ती कबरीत डोक्याखाली घातली की माणूस तिथेच पुरल्यासारखा होतो, असं आमच्यात मानतात. आई गेली तेव्हा मी चिमूटभर मागितली. "मला कमी पडेल," म्हणाला आणि पुठ्ठा कापत राहिला. मान वर न करण्याचीही लाज वाटली नाही त्याला, कारण मुळात लाजच नव्हती.

दुरुस्त न होणारी तोराची पानं आम्ही फेकत नाही, जाळत नाही, माणसासारखी पुरतो. मामानं अशा पानांचं पोतं भरून पुरायला दिलं होतं. कबर खणणाऱ्यानं ते आईला पुरलं त्याच दिवशी तिच्या कुशीशी ठेवलं आणि वर माती ओढली.

पुढे मामा तोंड वर करून घरी आला. "माझं पोतं कुठे पुरलं? तोराची पानं पुरली ती जमीनही पवित्रच. मला तिथेच जागा हवी."

"पोत्याच्या एका बाजूला भिंत आहे, दुसऱ्या बाजूला आई," मी म्हणाले. "तिच्या पलीकडची जागा रिकामी आहे. तिला विचारून बघ, बोलत असशील तर."