शून्य कामगारांचा कारखाना

मी आज जो काही आहे तो आमच्या गावच्या विणकर सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांमुळे. ते नात्याचे नव्हेत. माझे वडील सोसायटीच्या हातमागावर विणायचे, आई घरी सुताच्या कांड्या भरायची आणि काका सोसायटीच्या एका खोलीच्या ऑफिसात बसून सरकारशी पत्रव्यवहार करायचे. आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. अकरावीत माझं इंग्रजी अडलं तेव्हा काकांनी कपाटातून सरकारी परिपत्रकांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

"गोष्टीची पुस्तकं माझ्याकडे नाहीत. हे वाच. यात इंग्रजी पण आहे आणि आपलं नशीब पण."

रोज संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचो आणि ते अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायचे. "कायदा वाचताना 'परंतु' कुठे येतं ते आधी शोधायचं," ते म्हणायचे. "वरचं सगळ्यांसाठी असतं, खालचं तुझ्यामाझ्यासाठी." इंजिनिअरिंगचा अर्ज त्यांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. प्रवेशाच्या वेळी एसटीनं माझ्याबरोबर पुण्याला आले आणि कॉलेजच्या व्हरांड्यात दोन दिवस बसून राहिले, कारण वडिलांना तिथल्या क्लार्कशी बोलायला भीती वाटत होती.

अडचणीत आलेल्या हातमाग सोसायट्यांना आधार द्यायला सरकारची योजना होती. चांगली होती. पण तिच्यामुळे आमच्या तालुक्यात कागदावरच्या सोसायट्या उगवल्या. एक पाटी, एक शिक्का, विणकरांच्या नावांची लांब यादी, आणि माग एकही नाही. काकांनी मात्र एका वर्षीच्या अर्जात विणकरांचा खरा आकडा लिहिला. आमचे निम्मे विणकर यंत्रमागावर काम शोधायला बाहेरगावी गेले होते. किमान संख्या भरली नाही, म्हणून आमची सोसायटी योजनेतून गेली.

वडील त्यांना म्हणाले होते, "चार नावं वाढवली असती तर काय झालं असतं, सेक्रेटरी?"

"त्या चौघांनी येऊन विचारलं असतं, आमचा माग कुठाय."

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सोसायटीला कुलूप लागलं. कागदावरच्या सोसायट्या चालूच राहिल्या. तो राग मी बरोबर घेऊन पुण्याला नोकरीला लागलो आणि बरोबर घेऊनच जपानला आलो.

तेव्हा पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरची मुलं विमानं भरभरून तोक्योला येत होती. मी तिथल्या निशी-कसाई भागात तीन मराठी मुलांबरोबर राहायचो. कुकरच्या शिट्ट्या ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करायच्या, एवढाच त्रास. पण आमच्यात जपानी भाषेची वरची परीक्षा मीच पास झालेला. म्हणून कंपनीनं मला एकट्याला उत्तरेला पाठवलं, सेंदाई शहरापासून बसनं तासाभराच्या एका विणकामाच्या गावात.

त्या प्रांताच्या विधानसभेनं खचत चाललेल्या स्थानिक उद्योगांसाठी एक कायदा केला होता. प्रांत म्हणजे आपलं राज्य धरा. कायद्याच्या यादीत नाव लागलं की त्या कारखान्याला नवी यंत्रं, प्रदर्शनात जागा, शिकाऊ कारागीर अशी मदत मिळायची. यादीबाहेर राहिलेल्यांनी पाच वर्षं थांबायचं. अर्ज गावच्या उद्योग मंडळात यायचे. ते तपासणारी संगणक प्रणाली सेंदाईची एक कंपनी करत होती, आणि तिच्या हाताखाली मी.

गाव सुंदर होतं आणि रिकामं होतं. मुख्य रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची शटर्स कायमची खाली. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून एक धून वाजायची आणि त्यानंतर रस्त्यावर माझ्याशिवाय कोणी नसायचं. कोणत्या वारी कोणता कचरा हे मला पाठ झालं, कारण दुसरं पाठ करायला काही नव्हतं. कोपऱ्यावर कोम्बिनी, म्हणजे तयार जेवणही विकणारं चोवीस तासांचं दुकान, होतं. तिथली मुलगी रोज एकच प्रश्न विचारायची, "गरम करून देऊ का?" मी "हो" म्हणायचो. कित्येक दिवस आमचं तेवढंच संभाषण. फोनकार्डावर रविवारी घरी बोललो की आई विचारायची, जेवलास का, आणि वडील विचारायचे, थंडी किती. मला वाटायचं, कोणीतरी तिसरा प्रश्न विचारावा. मराठी बोलायला मिळावं म्हणून मी आंघोळ करताना मोठ्यानं वर्तमानपत्रासारखं काहीबाही बोलायचो. मग शेजारच्या घराचा दिवा लागायचा आणि मी गप्प व्हायचो.

एका शनिवारी बसस्टॉपवर उभा असताना मला मागाचा आवाज आला. लय आमच्यापेक्षा संथ होती, पण आवाज तोच. मी आवाजाच्या मागे गेलो. एका लाकडी घराच्या पडवीत एक आजी विणत होत्या आणि मागच्या अंगणात आजोबा कोपरापर्यंत निळ्या हातांनी सूत बुडवत होते. मी दारात उभा राहिलो.

"कोण गं हा? विमा विकायला आलाय का?" आजोबांनी विचारलं.

"एवढा गप्प माणूस विमा विकेल होय?" आजी म्हणाल्या. "उद्योग मंडळातला इंदो-सान आहे तो. आत ये."

भारताला तिथे इंदो म्हणतात, आणि सान म्हणजे आपलं 'राव'. त्या दिवसापासून मी त्यांचा इंदो-सान झालो. माझे वडील विणकर आहेत हे सांगितल्यावर आजींनी मला मागावर बसवलं, चार फेरे बघितले आणि म्हणाल्या, "वडिलांनी तुला कॉम्प्युटरकडे पाठवलं ते योग्यच केलं." पुढचे कितीतरी शनिवार मी तिथे गेलो. ते फार बोलायचे नाहीत. तरी त्या गावात तेवढं एकच दार होतं जिथे माझी कोणी वाट बघायचं. त्यांची सूत रंगवायची भट्टी गळायला लागली होती. यादीत नाव लागलं तर ती बदलता येईल, नाहीतर या हिवाळ्यानंतर रंगकाम बंद, असं आजोबांनी एकदा चहा पिताना सांगितलं.

आता माझ्या चुकीबद्दल. अर्जात एक रकाना होता, नेमलेले कामगार किती. तिथे आकडा असावा, एवढंच मला लिहून दिलेलं होतं. तो रकाना प्रोग्राममध्ये बसवताना मला आमच्या तालुक्यातल्या पाट्या आणि शिक्के आठवले. ज्या कारखान्यात एकही कामगार नाही तो कसला कारखाना? मी कोणालाही न विचारता एक अट घातली: आकडा शून्य असेल तर अर्ज 'बंद उद्योग' या गटात टाकायचा. घातली आणि मला मनापासून बरं वाटलं. काकांच्या वतीनं मी कुठेतरी एक दार लावून घेतलं, असं वाटलं.

तिथे घरच्या माणसांना नेमलेले कामगार धरत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. नवराबायको दोघंच राबतात ते घर प्रामाणिकपणे शून्य लिहितं.

अर्ज कागदावर यायचे, उद्योग मंडळातल्या बाई ते संगणकात भरायच्या, आणि प्रणाली तक्रार न करता स्वीकारायची. मुदत संपली. महिन्याभरानं प्रांताची पत्रं गेली. त्या शनिवारी मी गेलो तेव्हा माग थांबलेला होता. आजींनी पत्र माझ्या हातात दिलं. उद्योग बंद असल्यानं अर्ज विचारात घेता येत नाही, असं त्यात होतं.

"कॉम्प्युटर म्हणतो आम्ही बंद आहोत," आजी म्हणाल्या. "मग हा म्हातारा सकाळपासून कोणाचं सूत रंगवतोय ते तरी विचार त्याला."

"अगं, मला पण कळवलं असतं तर मी उशिरा उठलो असतो," आजोबा म्हणाले. दोघं हसले. मग आजोबांनी हात पुसले आणि म्हणाले, "अर्ज लिहिताना आम्हीच काही चुकलो असणार. वय झालं."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोललो नाही. चहा पूर्ण प्यायलो आणि निघालो.

ऑफिसात जाऊन मी यादी काढली. 'बंद' गटात सात नावं होती. सातही घरं मी रस्त्यानं जाता-येता पाहिलेली, सातही घरांतून काहीना काही आवाज येत असायचा. मग मी कायद्याखालचे नियम काढून वाचायला बसलो, काकांनी शिकवलं होतं तसे, खालून वर. मुदतीनंतर कोणताही अर्ज पुन्हा विचारात घेतला जाणार नाही, असं होतं. आणि त्याखाली होतं: परंतु अडथळा अर्जदाराच्या दोषानं आलेला नाही असं ज्याच्या दोषानं आला त्यानं लेखी मान्य केलं, तर अर्ज पुन्हा घेता येईल.

म्हणजे कोणीतरी लेखी मान्य करायला हवं होतं, आणि ते कोणी करायचं हे मला एकट्याला ठाऊक होतं.

मी पुण्याच्या मॅनेजरना फोन केला. ते माणूस म्हणून चांगले होते. म्हणाले, "अरे, वेडा आहेस का? रिक्वायरमेंट क्लिअर नव्हती असं म्हण. तोंडी सॉरी म्हण हवं तर दहादा, पण लेखी काही द्यायचं नाही. लेखी दिलंस की तू प्रोजेक्टवरून गेलास, आणि आपल्या पुढच्या चार मुलांचे व्हिसा पण गेले समज."

"पण सर, ती घरं पाच वर्षं थांबतील."

"ते त्यांचं सरकार बघेल ना. तू गावाकडनं आलायस, लोन फेडतोयस, घरी आईवडील आहेत. त्यांचं बघ."

दोन दिवस मी काहीच केलं नाही. कामावर गेलो, आलो. कोम्बिनीतल्या मुलीला "हो" म्हणालो. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती परत पाठवतील याची नव्हती. शनिवारी ते दार मला बंद होईल, याची होती.

तिसऱ्या दिवशी मी सेंदाईला जाऊन विभागप्रमुखांसमोर उभा राहिलो. पन्नाशीचे, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. मी सगळं सांगितलं. त्यांनी प्रोग्रामची ती ओळ पडद्यावर काढून बराच वेळ पाहिली.

"ही अट आमच्या कागदात नव्हती. कुठून आली?"

"माझ्या गावाहून," मी म्हणालो.

त्यांना ते अर्थातच कळलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून एक रेघांचा कागद काढला. जपानी ऑफिसात चूक झाली की करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं शिमात्सुशो लिहायचं असतं: काय घडलं, का घडलं, पुढे काय करणार. ते फाइलला लागतं आणि राहतं. मी लिहिलं. त्यांनी वाचून परत दिलं. "का घडलं ते यात नाही." मी दुसरं लिहिलं. तेही परत आलं. तिसऱ्यांदा मी सोसायटी, पाट्या, शिक्के, खरा आकडा लिहिणारे काका, सगळं माझ्या मोडक्या जपानीत लिहिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"तुमच्या गावात हा संशय उपयोगी पडला असता," ते म्हणाले. तिथे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात; माझ्या शिक्क्याशेजारी त्यांनी स्वतःचा शिक्का उमटवला. "तपासणी माझी होती. मीही पाहिलं नाही."

मग आम्ही दोघं, हातात मिठाईचा खोका घेऊन, सातही घरी माफी मागायला गेलो. आजोबांच्या पडवीत मी डोकं जमिनीला टेकवलं. वर पाहिलं तेव्हा आजी खोक्याचा कागद उलगडत होत्या.

"म्हणजे आम्ही चुकलो नव्हतो?" आजोबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती. पत्र आल्यापासून ते स्वतःलाच दोष देत होते, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या एका प्रश्नाची लाज मला आजही वाटते.

आजी एवढंच म्हणाल्या, "त्या शनिवारीच सांगायचं होतंस, इंदो-सान. चहा तर प्यायलास."

प्रांतानं सातही अर्ज पुन्हा घेतले. मला महिनाअखेर काम सोडायला सांगण्यात आलं. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो नाही. जायचं धाडस झालं नाही. खोलीत बसून पत्र लिहिलं. त्याची नक्कल मी ठेवली होती, ती तशीच देतो.

*काका,*

*तुम्हांला नमस्कार. खूप दिवसांत लिहिलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितो.*

*इथे माझ्या हातून एक चूक झाली. आपल्याकडच्या खोट्या सोसायट्या डोक्यात ठेवून मी एक अट घातली आणि तिच्यात सात खरे कारखाने अडकले. त्यांनी खरा आकडा लिहिला होता, शून्य. तुम्हीही खराच लिहिला होता. तुम्हांला ज्यानं योजनेतून काढलं त्या माणसाचा मला इतकी वर्षं राग होता. आता वाटतं, तोही टेबलाशी बसून मन लावूनच काम करत असेल.*

*मी चूक लेखी मान्य केली. त्या सात जणांचे अर्ज आता पुन्हा घेतले आहेत. मला इथून काढलं आहे. कंपनी पुण्यात ठेवेल की नाही ते माहीत नाही. पुण्याचे साहेब फोन घेत नाहीत. इथे ज्यांच्या घरी मी जात होतो त्यांनी मला क्षमा केली की नाही तेही नक्की सांगता येत नाही. मी एक आठवडा गप्प बसलो होतो, आणि ते त्यांना कळलं आहे. तुम्ही असता तर त्याच दिवशी बोलला असता.*

*तुम्ही शिकवलेलं सगळं उपयोगी पडलं. फक्त मला ते उशिरा सुचलं.*

*वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. गावभर मुलगा जपानला म्हणून सांगतात. मी स्वतः येऊन सांगेन, तोवर तुम्ही आपणहून काही बोलू नका. पण त्यांनी विचारलंच, तर खोटं सांगू नका.*