खडकावरची खूण

ब्रिस्बेनच्या नदीमुखाशी तेलाची टाकी उभी करायची म्हणजे चिखलाची मनधरणी करायची. रॉस टेलफर्डने जन्मभर तेच केलं. वाळूचा जाड ओटा, त्यावर टाकी, टाकीत थोडं थोडं पाणी. खालची चिकणमाती दबून थांबेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. थांबली की पुढचं पाणी. घाई केलीत तर माती एका अंगाने निसटते, मग बसा बोंबलत.

माती थांबली की नाही, हे सांगायचा डग हॅनलन. एकतीस वर्षं मोजणीची दुर्बीण खांद्यावर टाकून तो रॉसच्या टाक्यांभोवती फिरला. मोजणी सुरू करायची ती टेकडीतल्या खडकावरच्या खुणेपासूनच, हा रॉसचा नियम; बाकी सगळी जमीन खचणारी. नुसतं खडकापर्यंत जाऊन यायला पाऊण तास लागायचा.

शेवटच्या टाकीच्या वेळी डगचा गुडघा पार कामातून गेला होता. तरी आकडे रोज यायचे.

"थांबली बघ तुझी लाडकी माती. भर आता पाणी, म्हाताऱ्या."

रॉसने सही केली. चौथ्या दिवशी टाकी एका बाजूला हातभर खचली, तळ फाटला. कुणी दगावलं नाही, एवढंच नशीब.

मग कळलं. डगने खूण केली होती ती जवळच्या विजेच्या खांबावर. खांबही त्याच भरावात खचत होता. फरक दिसणार कुठून?

चौकशीत साहेबांनी विचारलं, "टेलफर्ड, तुम्हाला याची कल्पना होती?"

"नाही," रॉस म्हणाला.

डग समोरच बसला होता. मान खाली घालून त्याने ऐकून घेतलं. सगळा ठपका त्याच्यावर आला आणि नोकरी गेली.

फाटकापाशी रॉसने त्याला गाठलं. "अरे, मला सांगायचंस तरी. दुसरा माणूस दिला असता."

"सांगायचं काय त्यात?" डग शांतपणे म्हणाला. "मी खडकाकडे म्हणून निघायचो आणि परत यायचो तेव्हा तुझ्या मगातला चहासुद्धा निवलेला नसायचा. दिसत नव्हतं होय तुला?"

दिसत होतं. रोज दिसत होतं. पण आकडे हवे तसे येत होते, आणि मालकांचा तगादा होता. रॉसला स्वतःची किळस आली.

डग लंगडत बसथांब्याकडे गेला. चौकशीत दिलेला जबाब बदलायला रॉसला पाच वाजेपर्यंत मुदत होती. तो गाडीत जाऊन बसला. पाच वाजता कचेरीला कुलूप लागलं, तेव्हाही तो गाडीतच होता.