ओळ कागदावर होती, मला सांगितली नाही

सांगलीच्या एका मोठ्या डॉक्टरनं मला फसवलं. मी हेडी, म्हणजे जनावरांच्या बाजारात बैलांची खरेदी-विक्री करणारा माणूस. बाजारात मला कुणी गंडवलं नव्हतं. त्यानं पाच वर्षं गंडवलं.

१९७७ चा उन्हाळा. त्याच्या तपासणीच्या खोलीत मी धोतर सोडून पडलो होतो. पडदा अर्धा उघडा. बाहेर बाकावर माणसं. आत दोन शिकाऊ डॉक्टर. माझं उजवं आंड दगडासारखं टणक झालं होतं. दुखत नव्हतं, पण जड झालं होतं. डॉक्टरनं हातही लावला नाही. खुर्चीतूनच विचारलं,

"काय रे, बाजाराच्या गावी मुक्काम कुठं करतोस?"

"धर्मशाळेत."

"धर्मशाळेत, की बाईकडं?"

शिकाऊ हसले.

"आवं साहेब, तसलं काय न्हाई. जरा हात लावून बघा."

"बैल खच्ची करता करता याच्या स्वतःवरच पाळी आली!" तो शिकाऊंना म्हणाला. बाकावरचेही हसले.

मीही हसलो. लिहायला जड जातं, पण हसलो. बाजारात कुणी मला अरेतुरे केलं तर मी पटका काढून त्याच्यासमोर उभा राहायचो. तिथं उघडा पडलो होतो आणि दात काढत होतो.

त्यानं गरमीची, म्हणजे बाईकडून लागणाऱ्या रोगाची, इंजेक्शनं लिहून दिली. ती मी दोन महिने घेतली. बायकोला सांगितलं, ताकदीची आहेत. ती कसली आहेत हे तिला डॉक्टरच्या कंपाउंडरच्या बायकोकडून कळलं. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची.

आता आधीचं सांगतो. माझा बाप कराडजवळच्या एका वाडीत दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढायचा. मी मालकांचे बैल धरून बाजारात दिवसभर उभा राहायचो आणि बघून बघून धंदा शिकलो. तिशीत माझी स्वतःची दावण झाली. अन् १९७२ साली पोटात गाठ निघाली, पाठीच्या कण्याला लागून, नारळाएवढी. ती याच डॉक्टरनं काढली. मग मुंबईला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले. ओकून ओकून अंगातलं बळ गेलं, पण वाचलो. परत येऊन त्याचे पाय धरले. त्यानं पाठीवर थाप मारली.

"खणखणीत बरा झालास. जा, बैल विक."

आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद दिला.

"ह्यात काय लिवलंय, साहेब?"

"तुझ्या उपयोगाचं काही नाही. जपून ठेव म्हणजे झालं."

मी तो फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. पाच वर्षं.

इंजेक्शनं संपली तरी गाठ वाढतच होती. एक दिवस बायकोनं ताट वाढलं आणि ती समोरच बसली.

"पोराबाळांची आण घालत न्हाई. पर खरं सांगा. गेला हुता का?"

"न्हाई."

"मग तो डॉक्टर खोटा हाय. दुसरीकडं चला."

कराडात एक डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. बाईमाणसासमोर धोतर सोडायचं म्हणताच मी उठलो. बायको म्हणाली, "बैलाची शेपटी उचलून बघताना लाजला न्हाई कवा! बसा खाली."

बाईंनी नीट तपासलं. हसल्या नाहीत. जुने कागद मागितले. बायकोनं पिशवीतून ते फडकं काढलं. बाईंनी वाचलं आणि एका ओळीशी थांबल्या.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

"काय हाय त्यात?"

त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. दोन्ही वृषणं दर तीन महिन्यांनी तपासावीत. रुग्णाला स्वतः चाचपायला शिकवावं. गाठ लागली तर लगेच बोलवावं.

"तुमच्या पोटातली गाठ बीजाच्या पेशींची होती," बाई म्हणाल्या. "अशा माणसाला पुढं वृषणाचा कॅन्सर होऊ शकतो. कधी कधी बऱ्याच वर्षांनी. म्हणून ही ओळ लिहिलीय."

"सही कुनाची हाय?"

"त्यांचीच."

पुण्याला नेऊन आंड काढलं. छातीच्या फोटोत दोन ठिपके दिसले, म्हणजे रोग तिथवर पोचला होता. दोन महिने आधी आलो असतो तर? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. निदान त्या खरं बोलल्या.

टाके सुकल्यावर मी सांगलीला गेलो. डॉक्टरपुढं कागद ठेवला. त्यानं दार लावून घेतलं.

"तुला सांगून काय कळलं असतं? उगाच घाबरला असतास."

"साहेब, बैल पाण्यात बसत आसंल तर त्याची ही खोड मी दावं हातात द्यायच्या आधी सांगतो. घेणारा अडाणी आसला तर दोनदा सांगतो."

"आवाज खाली. बाहेर लोक आहेत. तुझीच अब्रू जाईल."

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. हा माणूस माझ्या लाजेच्या भरवशावर बसलाय. मी लाजेनं गप्प बसणार, हे तो धरूनच चालला होता. मी दार सताड उघडलं आणि बाकांकडं तोंड करून म्हणालो,

"माझ्या आंडाला कॅन्सर झालाय. गरमी न्हाई. ह्या साहेबानं सोता लिवून ठेवलं हुतं, आन मला सांगितलं न्हाई."

कुणी हसलं नाही.

आठवड्यानं त्याचा कंपाउंडर घरी आला. पुढची सगळी औषधं फुकट, फक्त एका कागदावर सही करायची. तोही इंग्रजीतच.

"वाच," मी म्हणालो.

तो चुळबुळला. मग त्यानं वाचलं. मला सगळी कल्पना पाच वर्षांपूर्वीच दिली होती, असं त्यात होतं.

आयुष्यभर मी घासाघीस केली. कुठला सौदा कुठं ताणायचा, कुठं सोडायचा, हे मला कळतं. या सौद्यात मी बसलोच नाही. कंपाउंडरला बायकोनं उंबऱ्याबाहेर काढलं.

आता कॅन्सरची इंजेक्शनं चालू आहेत. केस गेले, वजन गेलं. ठिपक्यांचं काय होईल ते वर्षभरानं कळेल म्हणतात. तोवर दर सोमवारी मी सांगलीला तुमच्या बाकावर येऊन बसणार, डॉक्टर. शेजारी जो बसेल त्याला सांगणार, हातातला कागद मराठीत वाचून घेतल्याशिवाय उठू नकोस. मला हाकला, पोलीस बोलवा. मी मेलो तर तिथं बायको बसेल. तिनं तसं कबूल केलंय.

धोका तुम्हाला ठाऊक होता. जीव माझा होता. मग मला का सांगितलं नाही? चारचौघांत, मला कळेल अशा भाषेत, उत्तर द्या.