बेल परत चालू करायची असते

अगं, कागदावरून का होईना, जरा जवळ ये. तुझा कान पिळायचाय. माझे फोन म्हणे तू सायलेंटवर टाकलेस. वर सांगतेस, "आई, कामात व्यत्यय येतो." व्यत्यय! सख्खी आई म्हणजे व्यत्यय!

तुझं काम मला ठाऊक आहे हो. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहितेस म्हणालीस, तेव्हा मला हिंजवडीच्या बसचाच ड्रायव्हर वाटला होता. मग इथे बिबवेवाडीत, मी पोळ्या लाटत असताना तूच समजावलंस, की ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड सांभाळणारा प्रोग्राम. कार्डावर माहितीचं पार्सल आलं की ते कॉम्प्युटरची बेल वाजवतं. त्यानं हातातलं काम थांबवून पार्सल आत घ्यायचं, उघडायचं मात्र सवडीनं.

"आणि पार्सलं धडाधड यायला लागली तर गं?" मी विचारलं.

"मग ड्रायव्हर बेल बंद करतो आणि स्वतःच दाराशी जाऊन बघत राहतो. दार रिकामं झालं की बेल परत चालू."

माझी पोळी करपली, पण धडा पाठ झाला.

आता बोल, शहाणे. बेल बंद करणं तेवढं लक्षात राहिलं. दाराशी येऊन कोण बघणार, तुझा साहेब? असा अर्धवट ड्रायव्हर लिहिलास तर हाकलून देतील तुला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, ते लेकीआधी शेजारणीला कळलं. लाज मला वाटली, तुला कुठली!

ऑपरेशनआधी एकदा ये. बेल वाजव, मी तवा सोडून दार उघडते.