बुबुळेश्वरांचा टीव्ही

ते माणसाकडे बघायचे नाहीत, त्याच्या डोळ्याकडे बघायचे. वर्षानुवर्षं येणारा पेशंट मंडईत समोर येऊन नमस्कार करायचा, तरी यांच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघ उमटायची नाही. त्याने चष्मा काढला, की मग म्हणायचे, "हां, उजवा. काचबिंदूही आहे. थेंब घालता का?" नाव शेवटपर्यंत आठवायचं नाही. आम्ही नोकर माणसं त्यांना समोर 'सर' आणि पाठीमागे 'बुबुळेश्वर' म्हणायचो. हे नाव ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरने ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

पेठेत त्यांचं छोटं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. मी तिथे बरीच वर्षं नोकरी केली. पेशंटना समजावून सांगणं हे माझं काम, कारण ते स्वतः काही समजावत नसत. "मोतीबिंदू आहे, काढायचा" एवढं बोलून कार्ड माझ्याकडे सरकवायचे. पेशंटने प्रश्न विचारला तर म्हणायचे, "डोळा तुमचा आहे, निर्णय माझा आहे. बाकी बाईंना विचारा." बाई म्हणजे मी. माझंही नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

माणूस उद्धट होता, हे सौम्य भाषेत सांगितलं. वाघोलीहून एक आजी आल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, डोळ्यापुढं जाळं हाय," म्हणाल्या. त्यावर हे म्हणाले, "जाळं आहे ते मला दिसतंय. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा." कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने आईसाठी कुठली लेन्स चांगली याचे इंटरनेटवरून कागद काढून आणले होते. सरांनी ते कागद न वाचता परत केले. "मी तुमच्या ऑफिसात येऊन तुमचा प्रोग्रॅम तपासतो का?" तो बिचारा म्हणाला, "सर, पण इम्पोर्टेड लेन्स..." "भिंग कुठल्या देशातून आलंय हे डोळ्याला कळत नाही. तुम्हाला कळतं, एवढाच त्रास आहे." मग त्या मुलाला चहा पाजून शांत करायचं काम माझं.

हात मात्र सोन्याचा होता. मोठा छेद घेऊन मोतीबिंदू अख्खा बाहेर काढायचा, कडक भिंग बसवायचं आणि केसाहून बारीक धाग्याने टाके घालायचे, ही त्यांची पद्धत. दुसरे डॉक्टर त्यांचे टाके बघायला यायचे. पण शहर बदललं. आयटी पार्क आले, मुलांच्या हातात पैसे आले, आणि ती मुलं दारातच विचारू लागली, "बिनटाक्याचं करता का?" तीन मिलिमीटरची फट, तिच्यातून मशीनची सुई घालून मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घ्यायचा, मग घडी घातलेलं भिंग आत सोडायचं, ते आपोआप उलगडतं. पेशंट दुसऱ्या दिवशी टीव्ही बघायला मोकळा. सर या सगळ्याला 'मिक्सरवाल्यांचा धंदा' म्हणायचे. दोनेक वर्षं म्हणाले. मग पेशंट कमी होऊ लागले, तशी मिक्सरवाल्यांची थट्टा बंद झाली आणि एक दिवस मशीन आलं.

मशीनबरोबर टीव्ही आला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून आतलं ऑपरेशन बाहेर बसलेल्या नातेवाइकांना थेट दाखवायचं, अशी तेव्हा फॅशन होती. आवाज नसायचा, नुसतं चित्र. ताटाएवढं बुबुळ. मी टीव्हीशेजारी उभी राहून सांगायची, "आता पिशवीला गोल खिडकी केली. आता मोतीबिंदूचे तुकडे चाललेत." मोतीबिंदू कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पिशवीत असतो. ती पिशवी मागून शाबूत राहिली तर नवं भिंग तिच्यात बसतं. ती फाटली तर सगळंच अवघड. मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या तळाशी जाऊ शकतो, डोळ्यातला गर पुढे येतो, भिंगाला आधार उरत नाही. हा शेवटचा भाग मी लोकांना सांगत नसे. सांगायची वेळ येऊ नये म्हणून, मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने सल्ला दिला होता, "सर, पायाशी एक बटण लावून घ्या. काही झालं की चित्र बंद. बाहेर सांगायचं, केबल गेली. सगळीकडे असंच असतं." बटण बसवलं गेलं.

रोज टीव्ही बघून मला एक गोष्ट कळली होती. टाक्यांमध्ये जो हात कधी अडखळला नाही, तो मशीनवर अडखळत होता. मऊ मोतीबिंदू निभायचे. जुना, पिकलेला, कडक मोतीबिंदू आला की निभेल याची खात्री नसायची.

आणि नेमका तसाच मोतीबिंदू माझ्या सासऱ्यांना होता. अण्णा कचेरीतून निवृत्त झालेले, वाचण्याचं व्यसन असलेले. पेपर पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत. त्यांचा डावा डोळा पूर्वीच्या एका ऑपरेशननंतर पू होऊन गेला होता. उरला उजवा, आणि तो आता मोठे मथळे सोडून काही वाचू देत नव्हता. मी त्यांना दुसरीकडे न्यायला तयार होते. पण अण्णा म्हणाले, "तुझ्या त्या उद्धट माणसाकडेच करायचं. गोड बोलणाऱ्याने माझा एक डोळा घालवलाय."

मी सरांना स्पष्ट सांगितलं. "सर, एकच डोळा आहे. मोतीबिंदू दगड झालाय. टाक्यांचं करा. तुमच्यासारखं कोणी करत नाही."

ते कार्डावरून मान वर न करता म्हणाले, "बाई, तुम्ही टीव्हीपुढे उभ्या राहून लोकांना काय सांगता? बिनटाक्याचं उत्तम. आणि घरच्या माणसाला टाके? लोक काय म्हणतील?"

म्हणजे माझ्या सासऱ्यांचा डोळा जाहिरातीसाठी. हे मी त्यांना कधी माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. अण्णा म्हणाले, "तू फार विचार करतेस. तो करेल." सुनेचं न ऐकण्यात दोन्ही म्हाताऱ्यांचं एकमत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर आठ-दहा माणसं होती. आईला घेऊन आलेला तो कागदवाला इंजिनिअरही. माझा नवरा कोपऱ्यात. मी नेहमीसारखी बोलत होते. निम्मा मोतीबिंदू निघाला. मग एक जाड तुकडा उरला, सुई त्याच्यामागे गेली, आणि एकदम डोळा खोल झाला. तुकडा कलला. मी बोलायची थांबले. इंजिनिअरने विचारलं, "मॅडम, हे असंच असतं का?"

"नाही," मी म्हणाले.

मी चित्र बंद व्हायची वाट बघत होते. ते बंद झालं नाही.

आत काय बोलणं झालं ते अण्णांनी नंतर सांगितलं. फक्त डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, त्यामुळे पेशंट सगळं ऐकत असतो. मशीन कंपनीचा माणूस मदतीला आत असायचा, तो कुजबुजला, "सर, बटण." सर म्हणाले, "पाय लावलास तर बाहेर काढीन." अण्णांनी विचारलं, "काय झालं?" सर म्हणाले, "पिशवी फाटली. हलू नका." अण्णा म्हणाले, "मी कुठे हलतोय? तुम्ही हलू नका."

बाहेर आम्ही सुई डोळ्यातून निघताना पाहिली. मग कात्री आली. फट मोठी झाली. तारेचं एक बारीक वेटोळं बुडणाऱ्या तुकड्याखाली सरकलं आणि त्याला अलगद उचलून बाहेर घेऊन आलं, जशी दुधावरची साय न मोडता काढावी. पुढे आलेला गर कापला गेला. घडीचं भिंग बाजूला ठेवून कडक भिंग घेतलं, ते पिशवीच्या उरलेल्या कडेवर पुढून टेकवलं. मग टाके. एकामागून एक, सारख्या अंतरावर, घाई नाही. हाच हात हवा होता, हे मी आधीच सांगितलं होतं. रागाने माझे कान तापले होते आणि तरी नजर हलत नव्हती.

सर बाहेर आले. तोंडावरची पट्टी गळ्यात. सगळ्यांसमोर म्हणाले, "पिशवी फाटली. माझ्या हातून. भिंग बसवलंय. किती दिसेल ते टाके काढल्यावर कळेल. सूज येईल, पडदा सुटण्याचीही भीती आहे, दर आठवड्याला आणायचं."

माझा नवरा म्हणाला, "चुकलं असं तरी म्हणा."

"माझ्या हातून म्हणालो ना? मराठीच होतं ते." आणि माझ्याकडे वळून, "पुढचा पेशंट घ्या."

पुढचा पेशंट म्हणजे इंजिनिअरची आई. तो तिला हाताला धरून जिना उतरून गेला. त्याला दोष कोण देणार? त्याने जे पाहिलं ते कंपनीभर सांगितलं, पुढे महिनाभर फोन वाजत राहिला तो ऑपरेशनच्या यादीतून नाव काढून घेणाऱ्यांचाच. बटण दाबलं असतं तर यातलं काही झालं नसतं. मशीन कंपनीच्या माणसाने हे मला दोनदा ऐकवलं. मशीनवर कापडाचं झाकण पडलं. टीव्ही चालू राहिला, बघायला फारसं कोणी नव्हतं.

अण्णांचं बुबुळ वर ओढलेलं राहिलं, आतला काळा गोल थेंबासारखा लांबट. रात्री दिवे फुटलेले दिसायचे. पण चष्मा लावून ते वाचू लागले. "दिवे फुटतात ते फुटू देत," म्हणायचे, "अक्षरं शाबूत आहेत." सर दर आठवड्याला त्यांचे टाके तपासायचे, दोघे एकमेकांशी तुसडेपणाने बोलायचे आणि दोघांनाही मजा यायची. मला येत नव्हती. शेवटचा टाका निघाला त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. सर म्हणाले, "बरं. किल्ल्या सिस्टरकडे द्या." इतक्या वर्षांची बोळवण एवढीच.

मी नगर रस्त्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये लागले. तिथे गालिचे, हसरे चेहरे, सगळ्यांना 'आपण'. आत काही बिघडलं की आम्ही बाहेर सांगायचं, "थोडी सूज आहे." हे वाक्य माझ्या तोंडून सरळ निघेना. तिथल्या साहेबांनी मला दोन वेळा समज दिली, मग पेशंट समजावण्याच्या टेबलावरून उचलून चष्म्यांच्या काउंटरवर बसवलं. पगार कमी झाला. त्याचंही खापर मी बुबुळेश्वरांवर फोडते.

अण्णा गेले तेव्हा पेपरात छोटी बातमी दिली होती. तेराव्यानंतर एका संध्याकाळी बेल वाजली. दारात सर. हॉस्पिटल विकून विश्रांतवाडीला मुलीजवळ राहायला गेल्याचं कळलं होतं. फार वाळले होते. अण्णांच्या फोटोकडे त्यांनी पाहिलंही नाही. बसले आणि विचारलं, "वाचत होते?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"आदल्या दिवशीपर्यंत."

"बारीक टाइप?"

सांत्वनाला आलेला माणूस असं बोलतो का? हे स्वतःचा निकाल घ्यायला आले होते. 'नाही, नुसते मथळे' असं म्हणून त्यांना परत पाठवावं, पुढची वर्षं त्यांनी जिना चढता-उतरता तोच विचार करावा, असा मोह मला झाला. शब्द जिभेवर आलाही होता.

"बारीक टाइप," मी म्हणाले. "निविदा सूचनासुद्धा."

त्यांनी मान हलवली. चहा नको म्हणाले. मी दार लावून घेतलं, आणि एवढं साधं खोटं आपल्याला का जमलं नाही याचा मला बराच वेळ राग येत राहिला.