कुकरच्या शिट्ट्या

बाळापूरजवळच्या ज्या शाळेत मी शिकवायचो, तिथे गणिताचे एक सर होते. दर वाक्यामागे ते "समजलं का?" विचारायचे आणि हो म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. एसटीचा कंडक्टरसुद्धा आधी हो म्हणायचा, मग तिकीट फाडायचा.

कपाशीवर बोंडअळी पडली, त्या साली सरांनी वर्ग उलटा केला. धडा घरी मोबाइलवर पाहायचा, गृहपाठ शाळेत करायचा. व्हिडिओ ते स्वतःच्या स्वयंपाकघरात काढायचे. त्यातही "समजलं का?" विचारून थांबायचे, आणि मागे कुकर वाजायचा. पोरांनी व्हिडिओ पाहिला का, हे तपासायला वर्गात विचारायचे, "शिट्ट्या किती झाल्या?"

"तीन!" अख्खा वर्ग ओरडायचा. अपूर्णांकांची बेरीज मात्र एकालाही यायची नाही.

एक दिवस एका पोराचा बाप वर्गाच्या दारात उभा राहिला. "सर, पोराइले शिट्ट्या आमीच सांगतो. फोन आमच्यासंग वावरात रायते. कपाशीकडं पाहवत नाई, म्हून तुमालेच पाहत रायतो. तुमी समजलं का म्हनता, आमी हो म्हनतो. पन छेद सारखे काहून करा लागते?"

शेजारच्या वर्गात मी शिकवणं थांबवून ऐकत होतो. सर आता भडकणार, असं वाटलं. त्यांनी त्या माणसाला पहिल्या बाकावर बसवलं आणि फळा पुसला.

पुढच्या व्हिडिओत कुकर नव्हता. "बापहो, समजलं का?" सर म्हणाले, आणि वावरातून उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबले.